दोराचं पोट

दोर वळणारा माणूस उलटा चालतो. तोंड चाकाकडे, पाठ जगाकडे. कमरेला घायपाताच्या वाखाची जुडी बांधलेली असते, बोटांतून तंतू सुटत जातात, चाक त्यांना पीळ देतं आणि आपण एकेक पाऊल मागे सरकायचं. मागे काय आहे ते बघायचं नाही. मान वळली की हात वळतो, आणि धागा कुठं जाड कुठं बारीक होतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी अशीच चालत आले आहे. त्यामुळे माझा मुलगा तुरुंगातून सुटून आला तेव्हा तो मला दिसलाच नाही. दोर वळायच्या लांब पट्ट्याच्या टोकाशी माझी पाठ कशाला तरी टेकली. मला वाटलं खांब आला. पण खांब काही अंग चोरत नाही.

चाक फिरवणाऱ्या पोरीला तो केव्हाच दिसला असणार, तिचं तोंड तिकडेच होतं. ती बोलली नाही. चाक तेवढं मंद झालं होतं, आणि झोप काढायची असेल तर घरी जाऊन काढ, असं मी तिला लांबूनच सुनावलंही होतं.

"आई," तो म्हणाला.

मी धागा सोडला नाही. आधी तो खांबाच्या खुंटीला अडकवला, ताण बघितला, मग वळले. तुरुंगात माणूस वाळतो म्हणतात. हा फुगून आला होता, पाण्यात पडलेल्या लाकडासारखा. केस बारीक कापलेले, हात पाठीमागे धरलेले. काही लपवलंय की काय म्हणून मी बघितलं, तर हातात काही नव्हतं. हात तसे धरायची त्याला तिथं सवयच लागली होती.

"जेवलास का?"

"नाही."

"मग इथं उभा का? घराला दार आहे, दारात शिपाई नाही."

तरी मी 'जा आत' म्हणेपर्यंत तो हलला नाही.

काय झालं होतं ते मीच सांगून टाकते. लोकांकडून ऐकाल तर ते मीठमसाला लावतील. आमचं घर विहिरीचे दोर करणारं. जनावरं बांधायची, बाज विणायची दोरी कुणीही वळतं. पण ज्या दोरावर माणूस विहिरीत उतरतो, तो दोर आमच्याकडूनच जायचा. त्याची एक रीत आहे. दोर हवाली करताना घेणाऱ्याने कुठंही बोट ठेवायचं आणि म्हणायचं, इथं उघड. मग वळणाऱ्याने तिथं पीळ उलटा फिरवायचा, पेड बाजूला करायचे आणि आतला गाभा दाखवायचा. याला आम्ही दोराचं पोट दाखवणं म्हणतो. बाहेरून काय, सगळेच दोर देखणे असतात.

त्या वर्षी पाऊस नव्हता, वाख कमी आला होता, आणि माझ्या मुलाने पोटात जुन्या दोराचे धागे घातले. वरून नवं. तो दोर गेला या चाकावरच्या पोरीच्या भावाकडे. तो विहिरी उपसायला उतरायचा. या पोरीचं आणि माझ्या मुलाचं लग्न ठरलेलं होतं, म्हणून घरचा दोर समजून पोट कुणी बघितलं नाही. भाऊ उतरला तो दोरावरून, आणि घरी आला तो बाजेवरून. कोर्टात कुणी विचारायच्या आधीच माझा मुलगा म्हणाला, जुनं मीच घातलं. वकिलाने कपाळाला हात लावला.

मुलगा तुरुंगात गेला तेव्हा पट्ट्याच्या कडेला लावलेलं रोप गुडघ्याएवढं होतं. आता चाक त्याच्या सावलीत असतं. मधल्या काळात मी त्याला भेटायला गेले नाही. का गेले नाही ते माझं मी बघेन.

आणि ही पोर. भाऊ गेल्यावर थोड्याच दिवसांनी ती सकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, मिळवणारा राहिला नाही, म्हातारी आई आहे, काम द्या. मी म्हटलं, माझ्याच दारात? ती म्हणाली, तुमच्याच दारात. आधी ती मला मावशी म्हणायची. त्या दिवसापासून मालकीण म्हणायला लागली. मी चाक तिच्या हातात दिलं. लोक म्हणाले, दोघींनाही लाज नाही. नसू दे. लाजेने चूल पेटत नाही.

मुलाला मी पहिल्याच जेवणाला सांगून ठेवलं. जेवायला मिळेल, वाखाच्या खोलीत झोपायला मिळेल. वाख भिजवायचा, फणीवर विंचरायचा, जुड्या बांधायच्या. धाग्याला हात लावायचा नाही. त्याने मान डोलावली. ताटाभोवती एक हात कुंपणासारखा धरून तो जेवत होता. मी म्हटलं, तुझं कुणी ओढून नेत नाही. त्याने हात काढला, आणि दोन घासांनी पुन्हा नकळत ठेवला.

तिथं काय काम करायचास, मी विचारलं. म्हणाला, भांडी घासायचो, मोठाली. मी म्हटलं, दोर नाही वळलास कधी?

"तिथं दोर कुणाच्या हातात देत नाहीत, आई."

हे मला सुचलं नव्हतं.

तळव्यांचे घट्टे पाण्यात राहून विरघळून गेले होते त्याचे. पहिल्याच दिवशी फणीवर तळवे फाटले. वाखावर रक्त बघून मी म्हटलं, डाग पाडू नकोस. त्याने हातांना चिंध्या गुंडाळल्या आणि पुन्हा बसला.

ती चाक फिरवायची आणि नजर माझ्या पावलांवर ठेवायची, म्हणजे फणीकडे बघावं लागायला नको. सकाळी तो पाण्याचं भांडं भरून चाकाशेजारी ठेवायचा. ती त्यातला थेंब घेत नसे, घरून बाटली आणायची. संध्याकाळी तो भांडं उचलायचा आणि झाडाच्या मुळाशी ओतायचा. गावात पाण्याची बोंब, आणि आमच्याकडे हे चाललेलं. मी एकदा म्हटलं, हे झाड बरं, दिलेलं पिऊन टाकतं, नखरे नाही करत. दोघांनीही ऐकलं. मग एका दुपारी उन्हाने तिची बाटली लवकर संपली. मी धागा संपवून चाकाशी परत आले आणि बघते तर भांडं रिकामं. त्या दिवशी झाड तहानलेलं राहिलं.

गावाचं म्हणाल तर गाव त्याला बघायला येत होतं. ज्यांच्या घरात ना जनावर ना बाज, तीही माणसं कुंपणाशी येऊन दोरीची चौकशी करायची. एक दिवस तो हजामतीला गेला आणि एकाच गालाची दाढी करून परत आला. मी विचारलं, हे काय सोंग? म्हणाला, मधेच कुणीतरी दुकानात शिरलं आणि न्हाव्याला म्हणालं, ओळखलंस का कुणाच्या गळ्याशी वस्तरा लावलायस? न्हाव्याचा हात थांबला तो थांबलाच. याने पैसे ठेवले आणि उठून आला.

मी कमरेची जुडी सोडली, त्याचं मनगट धरलं आणि भर बाजारातून त्याला तसाच परत नेला. गुडघे तेव्हाही दुखत होते, पण असल्या कामाला माझे गुडघे कधी आडवे येत नाहीत. न्हाव्याला म्हटलं, "वस्तरा तुझा आहे, पण गाल माझ्या पोटचा आहे. अर्धं काम करून पुरे पैसे घेणारा तुरुंगात जातो. माझ्या घरात उदाहरण आहे."

दुकानातली माणसं हसली. माझा मुलगाही खाली मान घालून हसला, घरी आल्यापासून पहिल्यांदा. न्हाव्याने दुसरा गाल इतका तुळतुळीत केला की पहिला पुन्हा करावा लागला.

उन्हं वाढली तशा विहिरी खाली गेल्या. खालच्या वस्तीची विहीर तर तळाला लागली, बादलीत चिखल यायला लागला. ती खोल करायची तर नवा दोर हवा, जाड आणि लांब. विहिरी खोदणाऱ्यांचा मुकादम आमच्याकडे आला. त्या प्रसंगानंतर त्याने आमच्या कुंपणाच्या आत पाय ठेवला नव्हता. प्लॅस्टिकचा दोर आणून बघितला होता त्याने. हात भाजतात, रहाटावर घसरतो, ओल्यात गाठ सुटते. आधी उन्हाबद्दल बोलून झालं, मग त्याच्या बायकोच्या पाठदुखीबद्दल, मग तो मुद्द्यावर आला. म्हणाला, काकू, तुमचा हात सगळ्यांना माहीत आहे, दोर तुम्ही वळा.

मी म्हटलं, आणि?

"आणि त्याचा हात लागता कामा नये. माझी माणसं उतरायची नाहीत."

मुलगा फणीशी बसला होता, ऐकू जाईल इतक्या अंतरावर. फणीचा आवाज थांबला नाही. मी म्हटलं, नाही लागणार. शब्द देताना मला गुडघ्यांची आठवण झाली नाही. जीभ उडी मारून मोकळी होते, पडायचं पायांना असतं.

पहिले धागे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्याच्या मध्यावर माझा उजवा गुडघा बसला. बसला म्हणजे रस्त्यात जनावर बसतं तसा, उठेचना. मी कोलमडले. पडतानाही धागा वर धरला होता, एवढं मी सांगेन. मुलगा धावत आला आणि हातभर अंतरावर थांबला. हात पाठीमागे. "आई, धरू का?" म्हणाला. मला धरू की धाग्याला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

धागा ढिला पडला की पीळ पळतो, गुंड्या पडतात, आणि तेवढा धागा फुकट जातो. चाकावरून ती बघत होती. तो आल्यापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"घे तो," ती म्हणाली. "पीळ पळतोय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. ती कुणाचीच परवानगी मागत नव्हती. मी कमरेची जुडी सोडून दिली.

मला सावलीत बसवून तो उलटा चालायला लागला, चिंध्या बांधलेल्या हातांनी. धागा गाठाळ आला. ती म्हणाली, तोड. त्याने तोडला, पुन्हा घेतला. पुन्हा तोड. दुपारपर्यंत हाताला जुनी वाट सापडली. वळणाऱ्याची नजर चाकावर आणि चाकवाल्याची वळणाऱ्यावर, यातून सुटका नसते. दिवसभर ती दोघं एकमेकांकडे बघत होती आणि दर खेपेला एकमेकांपासून लांब जात होती. बोलणं काय, तर जोरात, हळू, थांब, तोड. आमच्या ह्यांचा आणि माझा संसार एवढ्याच शब्दांत झाला. मी सावलीत पाय पसरून हे सगळं बघत होते, आणि त्याने गाभ्यासाठी कुठला वाख उचलला तेही. सगळ्यात लांब तंतूंचा, जो आपण वरून दिसायला ठेवतो, तो त्याने आत घातला.

धाग्यांचे पेड झाले. मग तीन खाचांचा लाकडी भोवरा मधे धरून पेडांचा दोर केला. मी खांबाशी बसून ताण धरला आणि शिव्या दिल्या. त्याही कुणीतरी द्यायला हव्यात.

दोर गुंडाळून झाल्यावर मुलगा म्हणाला, आई, तूच वळलास म्हणून दे, नाहीतर वस्ती तहानलेली राहील. कुणाला कळणारही नव्हतं, हे खरं. मी म्हटलं, "वरून एक आणि पोटात एक, असा दोर या घरातून एकदा गेलाय. पुन्हा नाही."

तिने चाकाचा दांडा पुसायला घेतला, तो स्वच्छच होता.

सकाळी दोर आणि मी एकाच हातगाडीवर बसून विहिरीकडे निघालो. तो पुढून ओढत होता, ती मागून ढकलत होती. वाटेत एकाने विचारलं, काकू, विकायला काय काढलंय, दोर की तुम्ही? मी म्हटलं, दोर विकला गेलाय, माझा भाव तुला झेपायचा नाही.

विहिरीवर बायका रिकामी भांडी घेऊन उभ्या होत्या. मुकादमाने दोरावर हात फिरवला आणि त्याचा चेहरा उजळला. तेव्हाच मी गाडीवरून म्हटलं, "मुकादम, मी शब्द मोडलाय. पहिले थोडे धागे माझे. बाकी सगळा दोर याने वळलाय. आता घ्यायचा की नाही ते बघा."

मुकादमाच्या माणसांनी दोरावरचे हात काढले आणि कपड्यांना पुसले, दोर कोरडा असताना.

मुकादम मात्र जुना माणूस. त्याने बोट ठेवलं. मुलाने उघडलं. त्याने दुसरीकडे ठेवलं, तिसरीकडे ठेवलं. दर ठिकाणी गाभा पांढरा, नवा. त्याने नखाने एक धागा उचकला, ओढून बघितला. म्हणाला, दोर चांगला आहे. मग विहिरीकडे बघून म्हणाला, "दोराचं पोट बघितलं. पण माझ्या माणसांच्या पोटात भीती बसली आहे, ती मी कशी काढू?"

"मी उतरतो," माझा मुलगा म्हणाला.

मुकादम वाईट माणूस नाही. तो हळूच बोलला. "तू उतरून काय कळणार? तू तर स्वतःचा जीव टाकायलाच बसलायस. ते दिसतंय सगळ्यांना."

मुलाने मान खाली घातली. तेवढ्यात ती पोर गाडीमागून पुढे आली. ती काय म्हणणार ते मला कळलं, आणि मी तिच्या आधी बोलले. तेवढी चपळाई माझ्या जिभेत अजून आहे. त्या घरातलं एक माणूस आमच्या दोराने गेलं होतं. दुसरं मी लटकू देणार नव्हते.

"मी उतरते."

कुणीतरी म्हणालं, म्हातारीला गाडीवरून उतरता येत नाही, ती विहिरीत काय उतरते. मी म्हटलं, विहिरीत चालावं लागत नाही, म्हणूनच तर. आणि मुकादमाला म्हटलं, "इथं माझ्यापेक्षा जड कोण आहे ते दाखवा, मी मागे हटते. दोराने मला पेललं तर तुमच्या वाळक्या पोरांना पेलेलच. आणि माझा जीव मला किती प्यारा आहे ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल."

मुकादमाने डोकं खाजवलं. त्याची माणसं रहाटाला हात लावेनात. दोर तुमचा, बाई तुमची, उतरवा तुम्हीच, म्हणाली आणि पलीकडच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. मुकादमही त्यांच्याकडे गेला. रहाटाला दोन बाजूंना दांडे असतात. एक मुलाने धरला. ती दुसरीकडे गेली.

दोराच्या टोकाला बांधलेल्या फळीवर मी बसले, दोर छातीशी घेतला, आणि पायाखालची जमीन गेली.

भीती वाटली का? वाटली. दोर कुरकुरत होता. नवा दोर कुरकुरतोच, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले आहे. स्वतः लटकल्यावर ते पटत नाही. दगड ओले व्हायला लागले, अंगावर गारवा आला, वर उजेडाचा गोल लहान होत गेला. तिच्या भावाने शेवटचं बघितलं ते असंच काहीतरी असणार. मी डोळे मिटले नाहीत. धागा हातात असताना मागे बघायचं नसतं, तशी त्या उजेडाकडेच बघत राहिले.

पाय चिखलात गेले. घोट्यापर्यंत गार. माझ्या गुडघ्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी दोराला झटका दिला, पोचले म्हणून, आणि आता ओढा म्हणून ओरडणार इतक्यात वरचं बोलणं ऐकू आलं. विहीर मोठी चोंबडी असते. काठावर कुजबुजलेलं ती तळाला स्वच्छ पोचवते, आणि बोलणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो.

"त्या दिवशी दादा बोट ठेवायला निघाला होता," ती म्हणत होती. "मीच हसले. म्हटलं, होणाऱ्या मेहुण्याचं पोट तपासतोस का? म्हणून त्याने हात मागे घेतला."

"माहीत आहे मला. मी समोरच होतो."

"मग कोर्टात का नाही बोललास?"

"काय बोलायचं? जुनं मी घातलं होतं. तू हसलीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, की आता उघडावं लागणार नाही. तिथं रोज तेवढंच आठवायचं. तुझं हसणं, आणि मला बरं वाटलेलं."

वर काहीतरी कुरकुरलं. रहाट होता की ती, ते तळातून कळेना.

"मी चाकावर येऊन बसले ती त्यासाठीच," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज मालकीण विचारेल, की पोट का नाही बघितलं. विचारलं की सांगून टाकेन. तिने कधी विचारलं नाही."

"मी विचारलं असतं तर?"

"तू नव्हतास."

"आता आहे," तो म्हणाला.

गारवा गुडघ्यांच्या वर चढला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं लोक म्हणतात ते माझ्याकडेच बघून म्हणतात. मला बोलायला काही कमी नव्हतं. तिलाही दोन शब्द होते, त्याला चार होते. पण तळाशी चिखलात उभी राहून मी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं बोलणं मधे न तोडता ऐकलं, आणि ते संपल्यावरही गप्प राहिले.

लांबून मुकादमाची हाक आली, काकू आहेत ना अजून? तेव्हा कुठं त्या दोघांना माझी आठवण झाली. उजेडाच्या गोलात दोन डोकी आली.

"आई, ओढू का?"

आणि लगेच ती. "मावशी, लागलं नाही ना कुठं?"

मी फळी खाली घेतली. बसताना बघितलं तर माझ्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी झिरपून आलं होतं, नितळ.

"ओढा," मी म्हटलं. "पण दोघं मिळून. एकट्याला मी झेपायची नाही."

काठाशी आले तेव्हा मुकादमाचा एक माणूस सदरा काढून उभा होता. त्याने मला हात देऊन फळीवरून उठवलं आणि स्वतः बसायला लागला. मुलाने विचारलं, कुठं उघडू? तो माणूस जरा लाजून हसला. म्हणाला, राहू दे रे, काकू जाऊन आल्या, आता पोट काय बघायचं.

"बोट ठेव," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. दोरावर बोट ठेवलं. माझ्या मुलाने तिथं पीळ उलटा फिरवला, पेड बाजूला केले, आणि आतला गाभा सगळ्यांना दिसेल असा धरला.